घर तारण ठेवायला तुमची संमती आहे ना?

बँकेतल्या मुलाने कॉम्प्युटरवरची नजर न काढता मला विचारलं, "काका, तुम्हाला मेसेज आला असेल ना?"

आला होता. मेसेज काय, रोज पन्नास येतात. त्यातच कुठेतरी बँकेने कळवून टाकलं होतं की व्याजाचा दर वाढलाय, हप्ता तेवढाच ठेवलाय, फक्त मुदत थोडी वाढवलीय. ती 'थोडी' मुदत किती, ते मी पाठीमागच्या खुर्चीवर बसून मांडून पाहिलं, तर कर्ज फिटेपर्यंत मी पंचाहत्तरी ओलांडणार होतो. परत खिडकीपाशी गेलो आणि म्हटलं, "म्हणजे माझ्या तेराव्याला येतील त्यांनी जेवून झाल्यावर हप्ताही भरून जायचा का?" तो हसला नाही. "पार्ट पेमेंट करून टाका ना काका," म्हणाला. वा! पैसे असते तर मी कर्ज कशाला काढलं असतं, बाबा? पण पुढचा टोकन नंबर पुकारला गेला आणि मी बाजूला झालो.

मी मार्केट यार्डात मिरचीच्या एका आडत्याकडे दिवाणजी आहे. शाळा सुटली तेव्हापासून तिथेच. पहाटे माल उतरतो, सकाळी सौदे होतात, दुपारी मी शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या करतो. गाळ्यात पाय ठेवला की नवख्या माणसाला ठसका लागतो, शिंका येतात, डोळ्यांतून पाणी येतं. मला काही होत नाही. कात्रजच्या अलीकडे आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. तो माझ्या आणि बायकोच्या नावावर आहे. कर्जात लेकीचंही नाव आहे, कारण माझा पगार बघून बँकेने नाक मुरडलं होतं. लेक हिंजवडीत नोकरी करते. आम्ही तिघंच.

कोणाचंही नाव इथे लिहीत नाही. बायकोचं तर नाहीच. त्याचं कारण पुढे येईल.

बायकोचा आजार सुरू झाला तो दुधापासून. दूध उतू जायचं आणि ती समोर उभी राहून बघत असायची. आधी मी चिडायचो. "लक्ष कुठे असतं तुझं?" असं म्हणायचो, जसं कोणीही म्हणेल. घरात ती शेजारणींच्या साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायची, हात असा सफाईचा की टाके शोधून दाखवा. एक दिवस एकीची साडी दुसरीला गेली. मग एक साडी अर्धी शिवून तशीच राहिली. मग एकदा ती घरातून निघून गेली आणि बसच्या कंडक्टरने कात्रजच्या स्टॉपवर तिला उतरवून पोलिसांच्या हवाली केलं. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं. वय काही फार नव्हतं हो, साठीही नव्हती तिची. मी डॉक्टरांना म्हटलं, "पुन्हा तपासा." त्यांनी पुन्हा तपासलं.

पहिली दोन-तीन वर्षं निभावलं. मी दुपारी पट्ट्या उरकून घरी यायचो आणि तोवर लेक घरातूनच काम करायची. एका कानात मीटिंग आणि दुसरा आईकडे. मग तिच्या कंपनीला एकदम आठवलं की आपल्याकडे ऑफिसची बिल्डिंग आहे, आणि सगळ्यांना आठवड्याचे बहुतेक दिवस हजर राहायला सांगितलं. कात्रजहून हिंजवडी म्हणजे जाण्यायेण्यात दिवसाचा भुगा. सकाळपासून दुपारपर्यंत आईजवळ कोणीतरी हवं. शिकलेली, असल्या पेशंटची सवय असलेली बाई ठेवायची तर तिचा पगार लागणार, आणि तो पगार आमच्या हप्त्यात अडकलेला. दुसरा मार्ग होता तो हडपसरच्या पुढे, असे पेशंट कायमचे ठेवून घेणाऱ्या एका ट्रस्टच्या संस्थेचा. बाजारातले व्यापारी तिला देणग्या देतात. आमच्या शेठनी शब्द टाकला होता, फी जवळजवळ माफ होती. एक खाट आमच्यासाठी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती.

मी जाऊन बघून आलो होतो. जागा स्वच्छ होती. मला तिला तिथे ठेवायचं नव्हतं. स्पष्टच सांगतो, ज्या बाईने हे घर रिकामं होतं तेव्हा उंबरठ्यावर रांगोळी काढली, तिला तिथून बाहेर काढायचं आणि आपण मात्र आत राहायचं, हे माझ्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, लोन ट्रान्सफर करू या. ऑनलाइन कंपन्या कमी रेटने देतात. नवी कंपनी आपल्या बँकेचे पैसे चुकते करते, घराचे पेपर्स तिकडे जातात, आपला हप्ता कमी होतो. वाचेल त्यात आईसाठी बाई बसते."

"मोबाइलवर?" मी म्हटलं. "मोबाइलवर मी साधी भाजी मागवत नाही आणि घर द्यायचं?"

"म्हणूनच मी बघतेय. तुम्ही काही दाबू नका."

आणि तिने बघितलं, हे मला कबूल केलं पाहिजे. आधी एका गोडबोल्याचा फोन आला होता. आजच्या आज मंजुरी देतो, फक्त फाइलचे पैसे या खात्यावर पाठवा. तिने विचारलं, "खातं कंपनीचं आहे की तुमचं?" फोन कट. मग तिने सरकारी यादीत असलेली कंपनी शोधली, तिचा नंबर जाहिरातीतून न घेता त्या यादीतून घेतला, दर आणि सगळे खर्च लेखी मागवले. जुन्या बँकेकडून किती बाकी आहे आणि आमची कोणती मूळ कागदपत्रं तिच्याकडे आहेत ते लिहून घेतलं. मला दम दिला की मोबाइलवर आलेला आकडा देवालासुद्धा सांगायचा नाही. मला बरं वाटलं. बाजारात पोत्यात हात घातल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही, पोरीने तेच केलं. कंपनीचा माणूस येऊन फ्लॅट मोजून गेला, वकिलाने कागद पाहिले. सगळं मंजूर झालं. मी शेठना सांगूनही टाकलं की ती खाट दुसऱ्या कोणाला द्यायला हरकत नाही बहुतेक. घाईच केली.

शेवटची एकच पायरी उरली होती. घर ज्यांच्या नावावर आहे त्या दोघांनी व्हिडिओवर यायचं, चेहरा दाखवायचा, नाव सांगायचं, घर तारण ठेवायला संमती आहे असं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं.

आजाराचं कुठे विचारलं नव्हतं, आम्हीही सांगितलं नव्हतं. माझ्या मनात आलं होतं. लेकीच्याही आलं असणार. दोघंही गप्प बसलो.

नाव सांगण्याची अडचण होती ती अशी. लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी हसायचं, आणि मुलगी त्या दिवसापासून ती. मीही लिहिलं होतं. मोठ्या हौसेने निवडलेलं नाव होतं, तांदूळ सारखे घसरत होते आणि माझ्या बहिणी चिडवत होत्या. पुढे आधार, पॅन, खरेदीखत, सगळीकडे तेच. पण आजारात तिचं मागचं सगळं शाबूत राहिलं आणि पुढचं गळत गेलं. मी दिलेल्या नावाने हाक मारली तर ती खोलीत दुसरं कोणी आहे का म्हणून मागे वळून बघायची.

मग लेकीने तिची शिकवणी सुरू केली. "आई, तुझं नाव काय?" आई माहेरचं सांगे. "ते नाही गं. हे बघ, माझ्या मागून म्हण." नाव, माझं नाव, आडनाव. बरोबर आलं की चिक्कीचा तुकडा. शाळेत घालायच्या आधी लहान पोरांची करून घेतात तशी तयारी. एकदा तिने पूर्ण नाव न अडखळता म्हटलं तेव्हा लेकीने टाळ्या वाजवल्या. ती मात्र खाली बघत राहिली, चिक्की तशीच हातात. मी उठून गॅलरीत गेलो. पोरीचा हेतू चांगला होता, पण मला ते बघवेना.

व्हिडिओच्या दिवशी मी गाळ्यावरून लवकर आलो. प्रकाश समोरून हवा, मागे पांढरी भिंत हवी, अशा सूचना होत्या. लेकीने खुर्ची खिडकीसमोर ठेवली, आईला निळ्या काठाची चांगली साडी नेसवली, केस विंचरले. ती सारखी उठत होती. "कशाला नटवतेस मला? पाहुणे येणारेत का?"

लेक घायकुतीला आली होती, घड्याळाकडे बघत होती. म्हणून गेली, "हो गं आई, येणारेत पाहुणे. नीट बस आता."

आणि ती खरंच नीट बसली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. हात मांडीवर एकावर एक. तेव्हा तरी माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मोबाइल पुस्तकांच्या टेकूने उभा केला होता. माझं आधी उरकलं. मग पडद्यावरची मुलगी, लेकीच्याच वयाची, गळ्यात कंपनीची पट्टी, म्हणाली, "नमस्कार मॅडम. चेहरा जरा वर करा."

बायको खालीच बघत होती.

"मॅडम, वर बघा. हां. आता मान थोडी डावीकडे. उजवीकडे. छान. तुमचं पूर्ण नाव सांगा."

तिने सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, माहेरचं आडनाव. खणखणीत आवाजात. आजारात तिचा असा आवाज मी ऐकलाच नव्हता.

लेकीने कॅमेऱ्याच्या बाहेरून हातवारे केले. उपयोग शून्य. "मॅडम, आधारवर वेगळं नाव दिसतंय," मुलगी म्हणाली.

"दहावी पास आहे मी," बायको म्हणाली. "शिवण येतं. स्वयंपाक सगळा येतो."

ती कुठे बसली आहे ते मला कळलं. भोरला, तिच्या वडिलांच्या घरी, सतरंजीवर, समोर पोह्यांच्या बशा आणि परकी माणसं. मान वर कर, चालून दाखव, नाव सांग, दोन ओळी लिहून दाखव. या मुलीने वेगळं काय विचारलं होतं? मी त्या सतरंजीच्या समोरच होतो. माझ्या मामांनी तिला पदार्थ विचारले होते आणि मी खुर्चीच्या हाताशी नखाने खेळत बसलो होतो.

पडद्यावरची मुलगी थोडी गोंधळली, पण तिच्यापुढे प्रश्न लिहिलेले असणार, ते तिला विचारायचेच होते. "मॅडम, घर तारण ठेवायला तुमची संमती आहे ना? हे सगळं तुमच्या मर्जीने होतंय ना? कोणी जबरदस्ती नाही ना करत?"

बायकोने आधी दाराकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं, पण दारात कोणी उभं असावं तसं, ओळख नसलेलं. मग पुढे वाकली आणि आवाज बारीक केला.

"खरं सांगू का? मला नकोय. मुलगा मिरचीच्या गाळ्यावर कामाला आहे. माणूस वाईट नसेल, पण अंगाला वास येतो हो त्यांच्या, जीव घुसमटतो. आईला सांगितलं तर आई म्हणते होईल सवय. बाबांपुढे मला बोलता येत नाही. तुम्ही मोठ्या घरच्या दिसता. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही बोलून बघाल का बाबांशी?"

पडद्यावरची मुलगी 'मॅडम' सोडून म्हणाली, "ताई..." आणि थांबली. मग म्हणाली, "बाजूला कोणी आहे का? सॉरी, मला हे पुढे नेता येणार नाही. हे रेकॉर्ड होतं." लेकीने मोबाइल हातात घेतला, आजार, डॉक्टर, सगळं आता सांगायला लागली. मुलगी ऐकून घेत होती. तिचेही डोळे भरल्यासारखे वाटले, की तो माझाच भास, सांगता येत नाही.

कंपनीला मी नाव ठेवणार नाही. दोन दिवसांत पत्र आलं, की मालकांपैकी एकजण संमती देण्याच्या स्थितीत नसेल तर कोर्टाकडून पालक नेमून आणा. वकिलाने सांगितलं, हायकोर्टात अर्ज, वेळ लागेल, किती ते विचारू नका. घर विकायचं म्हटलं तरी तीच सही आणि तीच अडचण. जुन्या बँकेने वेगळी फी घेऊन दर किंचित उतरवला, त्यात बाई काही बसली नसती. आम्ही सुरक्षित कंपनी शोधत होतो ना? मिळाली. तिने एका बाईचं घर तिच्या मर्जीविरुद्ध गहाण पडू दिलं नाही. मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, आजार आहे तो. काहीही बोलतात ही माणसं. मनावर घेऊ नका."

"काहीही नाही गं," मी म्हटलं. "मिरचीच्या गाळ्यावर कोण कामाला होतं?"

ती रडायला लागली. मग मीही रडलो. मुलीसमोर रडण्याची मला लाज वाटते, पण आवरेना.

त्यानंतर मी आमचा संसार पहिल्यापासून पुन्हा बघत बसलो. गाळ्यावरून आलो की दारातच ती म्हणायची, "आधी अंघोळ." पाणी तापलेलं असायचं, बादली भरलेली, टॉवेल, धुतलेला लेंगा, सगळं हाताशी. माझे कपडे ती वेगळे धुवायची. मी चारचौघांत सांगायचो, आमच्या हिच्यासारखी बडदास्त कोणी ठेवत नाही! मित्र म्हणायचे, नशीबवान आहेस. ती ऐकायची आणि चहा आणायला आत जायची. तिने कधी नाक दाबलं नाही, कधी टोमणा मारला नाही. लेक झाली, घर झालं, आजारपणं झाली, माझ्या आईचं अंथरुणातलं सगळं हिने केलं. मधे कुठेतरी तिला माझी माया लागली असेल का? असेलही. हसायची तेव्हा खोटं हसायची नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण विचारणार कोणाला? ज्या बाईला हे ठाऊक होतं ती गेली, आणि घरात उरली ती भोरची मुलगी. तिला एवढंच ठाऊक की आपल्याला हे स्थळ नको.

मी तिला माहेरच्या नावाने हाक मारायला लागलो. पहिल्यांदा मारली तेव्हा स्वयंपाकघरातून लगेच "ओ!" आला. इतक्या वर्षांत इतका झटकन नव्हता आला. मी तिच्याजवळ बसताना थोडं अंतर ठेवून बसायला लागलो. गाळ्यावर शेठना सांगितलं की ती खाट आमच्यासाठीच असू द्या.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीने बॅग भरली आणि ऑफिसला न जाता सोबत येते म्हणाली. मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी रिक्षाने आम्ही दोघंच गेलो. ती बाहेर बघत होती. गाड्या, उसाच्या रसाची गुऱ्हाळं, फुलांची दुकानं, सगळ्याचं तिला कौतुक. मला दोनदा म्हणाली, "तुम्हाला त्रास दिला उगीच." मी म्हटलं, "कसला त्रास?"

संस्थेच्या ऑफिसमध्ये तिथल्या बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवले. मी पेन घेतलं आणि ठेवलं. मनाशी ठरवूनच आलो होतो की हिला या वेळी विचारायचं. निदान या वेळी तरी. खुर्ची तिच्याकडे वळवली, तिला तिच्या नावाने हाक मारली आणि म्हटलं, "हे बघ, इथे राहायचं आहे. चांगली माणसं आहेत. पण तुला हवं असेल तरच. नको असेल तर नको म्हण, कोणी रागावणार नाही. राहायचंय का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी असं विचारतोय याचं तिला नवल वाटत असावं. मग म्हणाली, "नको."

स्पष्ट म्हणाली. ऐकण्यात चूक व्हावी असं काही नव्हतं. आणि ती थांबली, आता हा माणूस काय करतो ते बघत.

घरी दार उघडायला कोणी नव्हतं. उद्या पहाटे माल होता. लेकीचा हप्त्यातला वाटा तिच्या नोकरीवर होता, आणि नोकरी हिंजवडीत. मी हे सगळं पुन्हा एकदा मनातल्या मनात फिरवून पाहिलं, कुठे काही सुटतंय का म्हणून. काही सुटेना. त्या बाई चहा सांगायच्या निमित्ताने उठून बाहेर गेल्या.

मी सही केली.

ती बघत होती. रडली नाही, ओरडली नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, बॅग स्वतःच उचलली आणि कोणी हात धरायच्या आधीच आत चालायला लागली.